'शिंगशी झूयी'ला मराठीत काय म्हणावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिनी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत आणताना 'शिंगशी झूयी' आणि 'ग्वानल्याव झूयी' हे दोन शब्द जोडीने सारखे समोर येतात. तुम्ही कोश पाहून 'औपचारिकतावाद आणि नोकरशाही' असं लिहिलंत, आणि संपादकांनी विचारलं की वाचकाला यातून काय कळणार? त्याऐवजी 'लालफीतशाही' चालेल का, असं तुम्हाला विचारायचंय. शिवाय एखाद्या चिनी ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण हा शब्द वापरला तर तो राजकीय आरोप ठरेल का, हीही शंका आहे.

मी बावीस वर्षं चिनी कागदपत्रांची भाषांतरं करतो. करार, परिपत्रकं, तपासणी अहवाल, आणि अधूनमधून दुभाष्याचं काम. या दोन शब्दांनी मलाही पहिली काही वर्षं फार त्रास दिला. म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या संपादकांची तक्रार रास्त आहे. 'झूयी' म्हणजे 'वाद', हे कोशात बरोबरच आहे. मार्क्सवाद, समाजवाद, भांडवलवाद या सगळ्यांच्या शेवटी चिनीत झूयीच येतं. पण मराठी वाचक 'वाद' ऐकला की विचारसरणी शोधतो. ती कोणी मांडली, तिचे अनुयायी कोण, असं त्याच्या मनात येतं. शिंगशी झूयीचा अनुयायी चीनमध्ये एकही सापडणार नाही. कारण कम्युनिस्ट पक्षाच्या भाषेत झूयी हा शेपटीचा शब्द वागणुकीतल्या दोषांनाही लागतो. माओंनी १९३७ साली 'उदारमतवादा'विरुद्ध एक लेख लिहिला. तो उघडून पाहिलात तर त्यात राजकीय उदारमतवाद फारसा नाहीच. मित्राची चूक दिसूनही गप्प बसणं, बैठकीत न बोलता मागून कुजबुजणं, काम अंगाला लावून न घेणं, असल्या सवयींची ती यादी आहे. तिथे झूयी म्हणजे जवळजवळ आपला 'पणा'. भित्रेपणा, कामचुकारपणा, तसला पणा. ही किल्ली मला उशिरा सापडली, पण तिच्यामुळे पुष्कळ कुलुपं उघडली.

आता एकेक शब्द घेऊ.

'शिंगशी' म्हणजे आकार, बाह्य रूप. काम झाल्याचं रूप आहे, काम नाही, असा प्रकार म्हणजे शिंगशी झूयी. मराठीत यासाठी आपल्याकडे घरचा शब्दप्रयोग आहे: कागदी घोडे नाचवणं. सोपस्कार उरकणं, देखावा करणं, हेही चालतं. कोणतं कुठे, ते प्रसंगावर अवलंबून. तपासणी पथक येणार म्हणून रस्त्याकडेच्या घरांना रंग दिला, तर तो देखावा. योजनेचा लाभ कोणाला मिळाला नाही पण नोंदवह्या भरल्या, तर कागदी घोडे. वरून आलेल्या आदेशावर बैठक घेतली आणि बैठक झाली हाच अहवाल वर धाडला, तर सोपस्कार. या शेवटच्या प्रकारासाठी चिनीत एक फार नेमकं वाक्य रूढ आहे: बैठकीची अंमलबजावणी बैठकीने, आणि कागदाची अंमलबजावणी कागदाने.

२०१८ साली मी शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्याबरोबर दुभाषी म्हणून गेलो होतो. एका तालुकावजा गावातल्या कार्यालयात आम्हाला चहाला बसवलं. भिंतभर कपाटं, आणि कपाटांत एकसारखे निळे खोके. तेव्हा देशभर गरिबी निर्मूलनाची मोहीम जोरात होती. तिथला तरुण कारकून मला 'लाव्शी', म्हणजे गुरुजी, म्हणत होता. दुभाष्याला आदराने तसं म्हणायची तिकडे पद्धत आहे. मी सहज विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, एकेका गरीब कुटुंबाचा एकेक खोका. कोण भेटीला गेलं, किती वाजता गेलं, काय बोलणं झालं, सही, फोटो. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लाव्शी, भेटीला जाऊन यायला अर्धा तास लागतो. भेटीला गेलो होतो हे दाखवायला अर्धा दिवस." आणि पुढे फक्त तो शब्द उच्चारला, शिंगशी झूयी, आणि मान हलवली.

या खोक्यांच्या कारभाराला चिनीत 'हन्ची ग्वानली' म्हणतात, म्हणजे खुणांचं व्यवस्थापन. काम केल्याची खूण मागे राहिली पाहिजे. मूळ हेतू चांगला होता, कामचुकारांना पकडता यावं हा. पण खूण तपासणं सोपं आणि काम तपासणं अवघड, म्हणून हळूहळू खूण हेच काम झालं. पुढे खोक्यांची जागा मोबाइलने घेतली. प्रत्येक खात्याचं ॲप, प्रत्येक ॲपवर हजेरी, प्रत्येक ग्रुपमध्ये 'आदेश मिळाला' असं उत्तर. त्यालाही सरकारी भाषेत नाव मिळालं: 'बोटांच्या टोकांवरचा शिंगशी झूयी'. डिसेंबर २०२३ मध्ये ते आवरण्यासाठी केंद्रीय पातळीवरून स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या.

दुसरा शब्द 'ग्वानल्याव झूयी'. ग्वान म्हणजे सरकारी अंमलदार. जुन्या चीनमध्ये जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला लोक 'आईबाप-ग्वान' म्हणत, अगदी आपल्या मायबाप सरकारसारखं. तुम्ही याला 'नोकरशाही' केलंत. पण नोकरशाही ही यंत्रणा आहे, ती बरी किंवा वाईट असू शकते. त्या यंत्रणेसाठी चिनीत वेगळा शब्द आहे, 'ग्वानल्याव-झ्', आणि तो प्राध्यापक लोक वापरतात. रशियन भाषेतही यंत्रणा आणि वृत्ती यांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि चिनी कम्युनिस्टांच्या शब्दसंग्रहावर सोव्हिएत वळण आहेच. मराठीत वृत्तीसाठी 'बाबूगिरी' जवळचा वाटतो, पण त्याने कारकून डोळ्यांपुढे येतो. ग्वानल्याव झूयीचा आरोप बहुधा साहेबावर असतो. हा साहेब लोकांत जात नाही, खालचं ऐकत नाही, खुर्चीत बसून हुकूम सोडतो. यासाठी मी 'उंटावरून शेळ्या हाकणं' वापरतो, आणि लेखी मजकुरात 'साहेबी खाक्या' किंवा 'अंमलदारी वृत्ती'.

हा शब्द किती पसरट आहे हे समजायला दोन याद्या पुरेत. चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी १९६३ मध्ये ग्वानल्याव झूयीचे वीस प्रकार सांगितले होते. आणि माओंनंतरचे प्रमुख नेते तंग श्यावफिंग (डेंग झियाओपिंग) यांनी ऑगस्ट १९८० मध्ये नेतृत्वव्यवस्थेच्या सुधारणेवर जे भाषण केलं, त्यात या दोषाची एक लांबलचक माळ आहे. ती उंच आसनावर बसण्यापासून सुरू होते. मध्ये पोकळ बोलणं, कामाची रखडपट्टी, एकमेकांवर ढकलणं आणि 'कागदांचा प्रवास' येतो, म्हणजे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहणं. शेवटी माळ लाचखोरी आणि कायदा मोडण्यापर्यंत पोहोचते. म्हणजे एकाच शब्दात उद्धटपणाही बसतो आणि भ्रष्टाचारही. भाषांतर करणाऱ्याने म्हणूनच पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय प्रतिशब्द ठरवू नये.

यावरून 'लालफीतशाही'चा निकाल लावता येतो. लालफीत म्हणजे नियम, परवानग्या, आणि त्यातून होणारा उशीर. तंग यांच्या माळेतल्या 'कागदांच्या प्रवासा'ला ती चपखल बसते. पण ज्या अधिकाऱ्याने सगळे नियम धाब्यावर बसवून एका दिवसात गावावर चुकीचा निर्णय लादला, त्यालाही चिनी बातमी ग्वानल्याव झूयीच म्हणेल, आणि तिथे लालफीत लिहिलंत तर अर्थ उलटा होईल. म्हणून सरसकट लालफीत नको. (गंमतीचा योग असा की लाल रंग तिकडेही आहे. आपल्याकडे फीत लाल, तिकडे सरकारी पत्राचं शीर्षक लाल. 'लाल डोक्याचा कागद' म्हणजे अधिकृत परिपत्रक.)

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. हा शब्द कोण कोणाबद्दल वापरतं, यावर त्याचं वजन ठरतं.

वरून खाली येतो तेव्हा तो आरोप असतो, आणि त्याला परंपरा आहे. १९४२ च्या येनानमधल्या, म्हणजे पक्षाच्या तेव्हाच्या तळावरच्या, शुद्धीकरण मोहिमेत माओंनी पक्षातल्या साचेबंद, पोकळ लेखनावर हल्ला चढवला. १९५१-५२ च्या 'तीन-विरोधी' मोहिमेत भ्रष्टाचार आणि उधळपट्टी यांच्या जोडीला ग्वानल्याव झूयी होता. शी चिनफिंग यांच्या काळात डिसेंबर २०१२ मध्ये अधिकाऱ्यांचा थाट आणि खर्च आवरणारे आठ कलमी नियम आले आणि २०१३ मध्ये 'चार वाऱ्यां'विरुद्ध मोहीम सुरू झाली. चार वारे म्हणजे शिंगशी झूयी, ग्वानल्याव झूयी, सुखलोलुपता आणि उधळपट्टी. 'वारं' हा शब्द इथे आपल्या 'वारं लागलं' मधल्यासारखाच आहे, चालीरीतीचं वारं. त्या मोहिमेचं घोषवाक्य होतं: आरशात पाहा, कपडे नीट करा, अंघोळ करा, रोगावर इलाज करा. नीट पाहा, यातली प्रत्येक क्रिया व्यक्तीने स्वतःवर करायची आहे. दोष अधिकाऱ्याच्या स्वभावात आहे, चारित्र्यात आहे, असं या शब्दाचं गृहीतक आहे. कामाची रचनाच अशी आहे की माणूस कागदी घोडे नाचवणारच, ही शक्यता त्या शब्दात मावत नाही.

चार वाऱ्यांपैकी शेवटचे दोन पकडणं तुलनेने सोपं होतं. मेजवानीचं बिल असतं, गाडीचा नंबर असतो. पहिल्या दोघांना बिल नसतं. मग ते पकडायला तपासणी पथकं पाठवायची, पथकांसाठी अहवाल तयार करायचे, अहवालांसाठी बैठका घ्यायच्या. म्हणजे दोषावरचा इलाज तोच दोष वाढवतो. चिनी ग्रामीण अधिकारी याबद्दल एक म्हण सांगतात: वरून हजार दोरे, खाली सुई एकच. केंद्र, प्रांत, शहर, जिल्हा, आणि तळाला गावपातळीचं कार्यालय. प्रत्येक पायरीवर वरच्याला खूश करायला थोडी भर घातली जाते, त्याला 'थरागणिक वजन वाढवणं' म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला, कारण केंद्राने सांगितलेल्या निर्बंधांवर प्रत्येक थराने आपापली भर घातली होती, आणि जून २०२२ मध्ये आरोग्य आयोगाला 'नऊ गोष्टी करू नका' अशी यादी काढावी लागली.

हे वरच्यांना कळत नाही असं समजू नका. २०१९ हे वर्ष 'तळाचं ओझं कमी करण्याचं वर्ष' म्हणून जाहीर झालं. जिल्हा आणि त्याखालच्या पातळीला जाणारे कागद आणि बैठका ३० ते ५० टक्क्यांनी कमी करा, आणि केंद्राचा धोरणविषयक कागद शक्यतो १० पानांवर जाऊ देऊ नका, असे आकडे त्या परिपत्रकात होते. मग काय झालं? लाल डोक्याचे कागद मोजले जाणार म्हटल्यावर तोच मजकूर पांढऱ्या डोक्याने, म्हणजे साध्या पत्राच्या रूपात, खाली येऊ लागला. चिनी सरकारी वर्तमानपत्रांनीच त्यावर लिहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये याच विषयावर पुन्हा नवे नियम काढावे लागले.

महाराष्ट्राशी तुलना केली तर फरक चटकन दिसतो. आपल्याकडे ज्याला सगळे दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात, त्याने दोष उशिरात पाहिला. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो म्हणतो. त्याचं पालन किती होतं हा वेगळा विषय. पण सात दिवस मोजता येतात आणि नागरिकाला त्यावर बोट ठेवता येतं. शिंगशी झूयी मोजता येत नाही, तो ठरवावा लागतो, आणि ठरवण्याचा अधिकार वरच्याकडे असतो. म्हणून तुमच्या बातमीत 'अमुक सचिवावर शिंगशी झूयीचा ठपका' असं आलं की मी आधी पाहतो, ठपका कोणी ठेवला आणि त्यासोबत नेमकी घटना दिली आहे का. घटना दिली असेल तर तिचं वर्णन करा, वाचकाला सगळं कळतं. नसेल तर 'कामात केवळ देखावा केल्याचा ठपका' इतकंच लिहा. आपल्या पदरचं काही घालू नका.

खालून वर जातो तेव्हा तो तक्रार असतो, त्या कारकुनाच्या तोंडून आला तसा. आणि आडवा जातो तेव्हा, म्हणजे साध्या बोलण्यात, तो रोजचा शब्द आहे. शाळेने पालकांकडून पन्नास फॉर्म भरून घेतले, कंपनीत शुक्रवारी उगीच बैठक बसवली, की लोक म्हणतात 'थाय शिंगशी झूयी ल', फारच देखावा चाललाय. इथे 'वाद' चक्क विशेषणासारखा वापरला जातो. अधिकारी ठरावीक, गुळगुळीत उत्तरं देत असेल तर म्हणतात 'ता ग्वानछ्यांग', सरकारी सुरात बोलतोय. म्हणून तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर: मित्राशी बोलताना आपल्या ऑफिसच्या बैठकीबद्दल हा शब्द वापरलात तर काही बिघडत नाही, उलट तो हसेल आणि आपल्याही कहाण्या सांगेल. त्याच्या साहेबासमोर, त्याच्या कार्यालयाबद्दल, किंवा लेखी ईमेलमध्ये मात्र वापरू नका. तिथे तो चारित्र्यावरचा शेरा होतो, आणि लेखी शेऱ्याला उत्तर देणं त्याला भाग पडतं. अशा वेळी 'प्रक्रिया थोडी सोपी करता येईल का' असं विचारणं मी पसंत करतो.

आसपासचे काही शब्दही लक्षात ठेवा, नाहीतर गल्लत होते. 'लानझंग' म्हणजे आळशी कारभार, आपली चालढकल. 'बू त्स्वोवेइ' म्हणजे जे करायला हवं ते न करणं. हा जरा कायदेशीर चेहऱ्याचा शब्द आहे, प्रशासकीय खटल्यांतही येतो. 'थी फीछ्यू', चेंडू लाथाडणं, म्हणजे आपली टोलवाटोलवी, इतकं जुळतं की भाषांतर करावंच लागत नाही. अलीकडे अधिकाऱ्यांबद्दल 'थांगफिंग', आडवं पडून राहणं, हाही तरुणांचा शब्द सरकारी भाषणांत शिरलाय.

एक चूक मात्र टाळाच. शिंगशी झूयी हा फौजदारी गुन्हा नाही. पक्षाच्या शिस्तनियमांत त्याला शिक्षा आहे, आणि त्या शिक्षेच्या पाच पायऱ्या आहेत: ताकीद, सक्त ताकीद, पक्षातलं पद काढून घेणं, देखरेखीखाली पक्षात ठेवणं आणि हकालपट्टी. गुन्हा ठरतो तो अधिकाराचा गैरवापर किंवा कर्तव्यात गंभीर हलगर्जी, फौजदारी संहितेच्या ३९७ व्या कलमाखाली, आणि ते शब्द वेगळे आहेत. मी एकदा एका अहवालात 'ठपका'ऐवजी 'दोषी' लिहून गेलो होतो. ज्या संस्थेसाठी काम होतं तिने ते तसंच पुढे पाठवलं, आणि दोन आठवडे सगळ्यांचा समज होता की समोरच्या अधिकाऱ्यावर खटला चाललाय. प्रत्यक्षात त्याला ताकीद मिळाली होती. तेव्हापासून 'ठपका', 'ताकीद' आणि 'गुन्हा' हे तीन शब्द मी वेगळ्या रंगात खूण करून ठेवतो.

म्हणजे थोडक्यात, मोहिमेची किंवा धोरणाची बातमी असेल तर पहिल्या उल्लेखात 'कागदी देखावा आणि साहेबी खाक्या' लिहा, आणि एकदाच सांगा की चिनी पक्षाच्या भाषेत यांना शिंगशी झूयी आणि ग्वानल्याव झूयी म्हणतात. कारवाईची बातमी असेल तर घटना लिहा आणि शब्द मागे ठेवा. अभ्यासपर लेख असेल तर मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवायला हरकत नाही.

तुम्ही पाठवलेलं वाक्य, 'औपचारिकतावाद आणि नोकरशाहीविरुद्ध केंद्राची कठोर भूमिका', मी असं केलं असतं: 'कागदी घोडे आणि उंटावरचा कारभार थांबवा, केंद्राचे अधिकाऱ्यांना आदेश'. शीर्षकात दोन वाक्प्रचार जास्त वाटले तर दुसरा काढा. पहिला मात्र राहू द्या.